अक्षरातली फट

आमच्या यहुदी प्रार्थनाघरात शनिवारी पवित्र ग्रंथ मोठ्याने वाचण्याचा मान माझ्या नवऱ्याचा, झाइवलचा. बूग नदीच्या काठी असा गळा दुसरा नाही, असं लोक म्हणत. हे तर लोकांच्याही आधी म्हणत. एकदा माझ्या भावाने, ग्रोनेमने, भर वाचनात यांचा शब्द सुधारला. शब्द खरंच चुकला होता. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद, आणि दर पेसाखच्या सणाला माझा सख्खा भाऊ माझ्या पंगतीला नाही.

यंदा सणाच्या तोंडावर आमच्या धर्मगुरूंचं, रेब्बेंचं, प्रवचन ऐकून हे डोळे पुसतच घरी आले. पेसाखात घरात खमिराचा कणही चालत नाही, म्हणून मी फडताळं घासत होते.

"फ्रादल, खमिराचा शब्द आणि आपल्या बिनखमिराच्या मात्सा रोटीचा शब्द, दोन्हींची अक्षरं जवळपास तीच. मात्साच्या एका अक्षराला बारीकशी फट आहे, खमिरात ती बुजलेली. माणूस खमिरासारखा ताठ्याने फुगला की ती बुजते. रेब्बे म्हणाले, सगळा फरक तेवढाच."

"छान. पाय उचला, खालचं पुसायचंय."

दुसऱ्या दिवसापासून यांनी पूर्वेच्या भिंतीजवळची मानाची जागा सोडली आणि दाराशी बसू लागले. येणाऱ्या प्रत्येकाला आपण इथे का बसलोय ते समजावून सांगू लागले. घरी मला विचारत, "माझा ताठा उतरल्यासारखा दिसतो का गं?"

"ग्रोनेमला विचारा."

एका दुपारी खरंच गेले आणि पाय आपटत परतले. "मी त्याला क्षमा करायला गेलो होतो. त्याने तोंडावर दार लावलं."

फडकं मी बादलीत टाकलं. "अहो, चुकलात तुम्ही, आणि क्षमा त्याला?"

हे ग्रंथ उघडून मात्साच्या त्या शब्दाशी बसून राहिले. समोरचं जेवण निवलं.

"फट एवढीशी आहे गं," शेवटी म्हणाले. "फुगलेला माणूस तिच्यात मावत नाही. ग्रोनेमने आत यावं म्हणून मी वाट बघत बसलो. बाहेर मलाच पडायचंय."

शनिवारी वाचायला उभे राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "तेव्हा ग्रोनेमचं बरोबर होतं, मी चुकलो होतो. आज त्याने माझी चूक पकडायला माझ्या शेजारी उभं राहावं."

बायकांच्या पडद्यामागून मी बघत होते. ग्रोनेम आला, आणि आल्या आल्या दोनदा अडवलं यांना. यांचे कान लालबुंद झाले. पण दोन्ही वेळा मागे जाऊन वाचलं.

घरी जेवता जेवता हे म्हणाले, "दुसऱ्या वेळी माझं बरोबर होतं."

"मग?"

"मग काय, तोच शब्द पुन्हा वाचला, जरा हळू. तो मान डोलावून खूश झाला."

मला हसू येत होतं, पण दाबलं. हसले असते तर हे पुन्हा फुगले असते.

पेसाखला ग्रोनेम आला. पहिल्याच घासाला म्हणाला, "ताई, माशात मीठ कमी आहे."

"आहे खरं," हे लगेच म्हणाले.

नम्रता यांची, आणि नावं माझ्या माशाला. मी ग्रोनेमच्या ताटात दुसरा तुकडा वाढला.