तयार कोंबड्या

श्यामने काउंटरवर काळ्या प्लॅस्टिकच्या चार पिशव्या ठेवल्या, हात फडक्याला पुसले आणि हसून म्हणाला, "लो अम्मा जी. एकदम तैयार."

चंद्रप्रभाबाईंनी आधी पिशव्यांकडे पाहिलं, मग त्याच्या मागच्या पिंजऱ्यांकडे. त्यांच्या हातात झाकणाची वेताची टोपली होती. तळाशी जुनं सुती पातळ घडी करून घातलं होतं, कोंबड्यांच्या पायांना वेत टोचू नये म्हणून.

"वो तो ठीक है, बेटा. मेरी मुर्गियाँ कहाँ हैं?"

"यही तो हैं! फोटोवाली चारों. साफ करके, पीस करवा के. कलेजी अलग रखी है." त्यानं एक पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली.

पिशवी कोमट होती.

चंद्रप्रभाबाईंच्या हातातली टोपली खाली पडली, तिचं झाकण गडगडत रस्त्यापर्यंत गेलं. श्याम घाबरून काउंटरच्या बाहेर आला. "क्या हुआ, अम्मा जी? पीस बड़े हो गए क्या?"

जयदीप रस्त्यात दुसऱ्या रांगेत गाडी लावून बसला होता. आई उभ्या उभ्या डोलतेय हे दिसल्यावर हॉर्नचा गलका मागे सोडून तो धावत आला. काय झालं हे त्याला श्यामकडूनच कळलं.

खरं तर चूक एका शब्दाची होती. चंद्रप्रभाबाईंचा जन्म दिल्लीतला. वडील हिंदूरावच्या दवाखान्यात कंपाउंडर होते आणि टेकडीच्या अंगाला त्यांचं सरकारी क्वार्टर होतं. हिंदी त्यांना परकी नव्हतीच. पण चौऱ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात कोंबडीच्या दुकानासमोर त्या कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. ते काम आधी वडिलांचं, मग नवऱ्याचं, मग मुलाचं. आता तर तेही राहिलं नव्हतं, मोबाइलवर मागवलं की पाकीट दारात येई. कोंबड्यांबद्दल त्यांना जे ठाऊक होतं ते सगळं आईच्या मराठीतलं होतं, आणि आईच्या मराठीत तयार कोंबडी म्हणजे अंड्यावर आलेली, आज ना उद्या पहिलं अंडं घालणारी कोंबडी.

म्हणून फोनवर त्यांनी श्यामला बजावून सांगितलं होतं, "चूज़े नहीं चाहिए. तैयार मुर्गी चाहिए. एकदम तैयार. संडे को लेने आएँगे."

"आप फिकर मत करो," श्याम म्हणाला होता. "आने से पहले तैयार मिलेगी."

त्या किती खूश झाल्या होत्या! सुनीतीला, म्हणजे सुनेला, मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं होतं, की माणूस जाणकार दिसतो, नाहीतर आजकाल कोणाला कळतंय.

गाडीत जयदीपला आधी हसू आलं. "आई, तू पण ना, यार. चिकनच्या दुकानात तैयार म्हणजे…" मग त्यानं शेजारी पाहिलं आणि हसू गिळलं. आईनं चारही पिशव्या मांडीवर घेतल्या होत्या. मागच्या सीटवर टोपली रिकामी होती.

"माझ्या एका शब्दानं रे," त्या म्हणाल्या. "चार जीव. मी म्हटलं आणि त्यानं केलं. त्याचा काय दोष?"

"दोष कुणाचाच नाही. पण अनूला काय सांगायचं ते आत्ताच ठरव. ती फाटकातच उभी असेल."

चंद्रप्रभाबाईंनी पदर ओढून पिशव्यांवर घेतला.

हे सगळं सुरू झालं होतं नातीसाठीच, अनुष्कासाठी. सहा वर्षांची पोर, शाळेतून आली की सोफ्यावर आडवी, डोळ्यांसमोर मोबाइल. आजीनं एकदा जेवण भरवताना क्वार्टरमागच्या कोंबड्यांची गोष्ट काढली आणि पोरीनं मोबाइल उलटा ठेवला. मग रोज तेच. लंगडी नावाची कोंबडी पावसात दवाखान्याच्या व्हरांड्यात कशी जाऊन बसली. मास्तरीण नावाची, मान ताठ करून चालणारी, बाबांच्या टोपीत अंडं कशी घालून गेली. ते अंडं हातात घेतलं की किती ऊन लागायचं. "आजी, आपण आणू या ना," अनू म्हणाली, आणि चंद्रप्रभाबाईंना वाटलं, का नाही? गुरुग्रामच्या जुन्या सेक्टरमधला तळमजला, मागे पेरूचं झाड आणि एक गाडी मावेल एवढी मोकळी जागा. सुनीतीनं कपाळाला हात लावला. "आई, वास येईल. वरचे लोक कम्प्लेंट करतील." जयदीप मानेसरच्या कारखान्यात दिवसभर माणसांची समजूत घालायचा, तसाच घरीही मध्ये पडला आणि वरच्या मजल्यावरच्यांना दर आठवड्याला अंडी कबूल करून आला. कोंबडा आणायचा नाही, एवढीच अट.

मग खुराड्यासाठी जुन्या डेझर्ट कूलरचा सांगाडा अंगणात निघाला. सुतारानं त्याला जाळी ठोकली, मुंगुसाला खालून उकरता येऊ नये म्हणून तळाला फरशी बसवली, रात्री बसायला आडवा दांडा लावला. एका कोपऱ्यात लाकडाचा खोका आणि त्यात पेंढा, अंड्यांसाठी. एका पाटीत राख, कोंबड्यांना अंघोळीला. "राखेनं अंघोळ?" अनू खिदळली होती. "हो गं, त्यांच्या पिसांतल्या उवा मरतात." श्यामनं फोटो पाठवला तेव्हा अनूनं एकेका कोंबडीवर बोट ठेवून नावं सांगितली. तपकिरी होती ती बिस्किट. बाकीची आजीला नीट आठवत नव्हती, आणि आता विचारायची सोय उरली नव्हती.

अनू फाटकात होती. केसांत पेंढा अडकलेला. "आणल्या? दाखव! टोपली दाखव!"

"आत चल," जयदीप म्हणाला. "दुकान बंद होतं, बेटा."

चंद्रप्रभाबाई पिशव्या पदराआड घेऊन सरळ स्वयंपाकघरात गेल्या. सुनीतीनं पिशवीचं तोंड सोडलं, आत डोकावली आणि "अगं बाई!" म्हणून मागे सरली.

"आई, हे काय आहे?"

कलेजीसोबत पिवळ्या मण्यांचा एक घोस होता. एक मणी जवळजवळ अंड्यातल्या बलकाएवढा, त्याच्या शेजारचा सुपारीएवढा, मग वाटाण्याएवढा, आणि मग मोहरीसारखे बारीक बारीक, मोजता न येणारे. चंद्रप्रभाबाई टक लावून पाहत राहिल्या.

"अंडी," त्या म्हणाल्या. "हे मोठं उद्या घातलं असतं. हे परवा. ते त्याच्या नंतर. सुनीती, त्या तयार होत्या गं. मी म्हणाले होते तशाच होत्या."

सुनीतीनं पिशवीचं तोंड घट्ट बांधलं आणि चारही पिशव्या फ्रीझरमध्ये मटारच्या पाकिटांखाली सारल्या. कुजबुजत म्हणाली, "आई, अनूला काहीही बोलू नका हं. दुकान बंद होतं, बस. पुढच्या संडेला दुसऱ्या आणू. तिला काय कळतंय?"

"मला लहानपणी असंच सांगायचे," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "कोंबडी पळून गेली म्हणून. मला कळायचं."

"बिल्कुल नाही, आई. प्लीज."

पण अनू दारातच उभी होती. तिनं 'अनूला बोलू नका' एवढं नेमकं ऐकलं होतं.

चंद्रप्रभाबाईंनी तिला मागच्या अंगणात नेलं, पायरीवर बसवलं आणि सांगितलं. गोड करून सांगायचं म्हटलं तरी त्या गोष्टीला गोड बाजूच नव्हती. आपण म्हणालो तैयार, दुकानदाराला वाटलं कापून तयार, त्यानं कापल्या.

"बिस्किट पण?"

"हो."

"मग आता त्या कुठे आहेत?"

"फ्रीजमध्ये."

"फ्रीजमध्ये कशाला?" अनूच्या कपाळाला आठी पडली. "फ्रीजमध्ये तर चिकन असतं."

चंद्रप्रभाबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. या घरात कोंबडी हा शब्द गोष्टीत यायचा आणि चिकन हा शब्द ताटात. मधला रस्ता या मुलीला कुणी दाखवलाच नव्हता. दर रविवारी चर्चहून आलं की ती दोन वाट्या रस्सा ओरपायची आणि तोंड पुसत आजीकडे मास्तरणीची गोष्ट मागायची.

"अनू," त्या हळूच म्हणाल्या. "चिकन म्हणजे कोंबडीच असते, बाळा."

"नाही. चिकन पॅकेटमध्ये येतं."

"पाकिटात घालतात नंतर."

अनू रडेल असं त्यांना वाटलं होतं. ती रडली नाही. तिनं आधी स्वतःच्या पोटावर हात ठेवला, जणू आत काही हलतंय का ते पाहत होती, आणि मग आजीकडे असं पाहिलं की चंद्रप्रभाबाईंना ती नजर सोसेना. आता ही पोर पुन्हा आपल्या मांडीवर येणार नाही, असं त्यांना स्पष्ट वाटलं.

"तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?"

"हो."

"मम्माला पण?"

"हो."

ती खुराड्याच्या जाळीतून आतल्या पेंढ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "मास्तरीणचं काय झालं?"

मास्तरणीची गोष्ट टोपीतल्या अंड्यापाशी संपायची. साठ-पासष्ट वर्षं ती तिथेच संपत आली होती, आधी मुलाला सांगताना, मग नातीला, आणि मनातल्या मनात तर किती वेळा. पण गोष्ट संपली म्हणून मास्तरीण थोडीच संपली होती? आता, या पायरीवर, चंद्रप्रभाबाईंना पुढचं लख्ख दिसलं. नाताळचे दिवस. आई म्हणतेय, हिची अंडी बंद झालीत. बाबा सदऱ्याच्या बाह्या वर सारतायत. आणि जेवताना ताटावर बसलेली एक वेणीवाली मुलगी हट्ट धरतेय, तंगडी मलाच पाहिजे. पळून गेली, असं त्या वेळी कुणी म्हटलंच नव्हतं. ते दुसऱ्या कुठल्या कोंबडीचं असेल. मास्तरणीचं त्यांना सांगितलं होतं आणि तरीही त्यांनी तंगडी मागितली होती.

"आजी?"

"खाल्ली," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "आम्ही खाल्ली तिला."

"आणि लंगडी?"

"तिलाही. सगळ्यांनाच, बाळा. म्हाताऱ्या झाल्या की."

अनू उठली आणि आत निघून गेली. चंद्रप्रभाबाई बसून राहिल्या. स्वतःचंच बालपण कुणीतरी आत्ताच पिशवीत घालून हातात दिल्यासारखं झालं होतं त्यांना.

दुपारी अनूनं वरण-भात खाल्ला. सुनीती सासूकडे बघायचं टाळत होती. पाच वाजता अनू चपला घालून आजीच्या खोलीत आली.

"मला ते दुकान बघायचंय."

"बिल्कुल नाही!" सुनीती बाहेरून ओरडली.

"मग मी कधीच जेवणार नाही," अनू शांतपणे म्हणाली. त्या शांतपणानंच सगळे हादरले. जयदीपनं बायकोकडे पाहिलं, मग गाडीची चावी उचलली. चंद्रप्रभाबाईंनी टोपली घेतली, का ते त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं.

संध्याकाळची गर्दी होती. श्यामनं त्यांना ओळखलं आणि दोन्ही कान पकडले. "अम्मा जी, कसम से, पता होता तो हाथ नहीं लगाता. पालनी थी तो बोलते, ज़िंदा चाहिए. लो, अब खुद देख के लो. जो पसंद आए."

पिंजरा अनूच्या उंचीचा होता. आत तपकिरी कोंबड्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या, वीसेक तरी. अनूनं जाळीला नाक लावलं. तेवढ्यात मागून हेल्मेट घातलेला एक जण म्हणाला, "भाई, वो कोनेवाली," आणि श्यामचा हात सवयीनं आत गेला. एक कोंबडी पंख फडफडत बाहेर आली आणि पडद्याआड गेली. तिच्या जागी लगेच दुसरी सरकली. अनूनं हे सगळं पाहिलं. पडदा हलायचा थांबेपर्यंत पाहिलं.

मग तिनं आजीचा पदर ओढला. "सगळ्या."

"काय?"

"सगळ्या घेऊ या, आजी."

"आपल्या खुराड्यात चारच मावतात गं."

"मग बाकीच्या?"

चंद्रप्रभाबाईंनी जयदीपकडे पाहिलं. तो रस्त्याकडे बघत होता. श्यामही काहीतरी पुसण्यात गढून गेला.

"बाकीच्या राहतील," त्या म्हणाल्या. यापेक्षा खरं त्यांना काही सांगता येईना, आणि खोटं आज जिभेवर येईना.

अनूनं मान हलवली. समजल्यासारखी, मोठ्या माणसासारखी. "मग तू निवड. मी नाही निवडणार." आणि ती पाठ फिरवून उभी राहिली, दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून.

अंड्याची कोंबडी कशी ओळखायची हे चंद्रप्रभाबाईंना आईनं शिकवलं होतं. तुरा लालभडक हवा, डोळा ओला आणि चमकता, आणि शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये दोन बोटं मावायला हवीत. त्यांनी बाही वर सारली आणि पिंजऱ्यात हात घातला. कोंबड्या एका झटक्यात मागच्या जाळीला जाऊन भिडल्या. सगळ्या, एकदम, त्यांच्या हातापासून लांब.

त्यांनी डोळे मिटले. जी पिसं बोटांना लागली ती धरली. त्या पिसांच्या आत एक काळीज वेगानं धडधडत होतं.

"ये मत लो, अम्मा जी," श्याम वाकून म्हणाला. "ये बूढ़ी है. अंडा नहीं देगी."

"चलेगी," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. त्यांनी तिला टोपलीत ठेवलं, झाकण लावलं आणि पुन्हा हात आत घातला.