साठ पावलं

"टाच आधी, बाबा. पट्टीच्या पुढे टाच पडली पाहिजे," राखी मॅडम म्हणाल्या.

वाशिमच्या त्या व्यायामाच्या दवाखान्यात फरशीवर लाल चिकटपट्टीच्या आडव्या रेघा होत्या. शालिग्राम एकेक रेघ ओलांडत चालला होता. चौदा रेघा नीट पार पडल्या. पंधराव्या पावलाला रेघ नव्हती, तिथे पाय फरशीला चिकटून बसले. अंग पुढे गेलं, पाय मागेच. हौसाबाईने नवऱ्याचा दंड धरला म्हणून तोंड फुटायचं वाचलं.

"मी तं मोठंच टाकून राह्यलो," शालिग्राम म्हणाला. दुखण्याने आवाजही खाली गेला होता; समोरच्याला कान पुढे करावा लागे.

"तुम्हाला मोठं वाटतं, पण पडतं लहान. पार्किन्सनमध्ये असंच होतं, आतलं माप बिघडतं. म्हणून वाटेल त्याच्या दुप्पट टाकायचं. तोंडाने आकडे मोजायचे. रोज."

माप बिघडतं, हे त्याला फार झोंबलं. दुसरं काहीही म्हणाल्या असत्या तर चाललं असतं.

कारण रिसोडजवळच्या त्याच्या गावात माप म्हणजे शालिग्राम. तसा तो वांगी-मिरची लावणारा साधा बागायतदार. पण कोणाच्या भावाभावांत वाटणी निघाली, कोणाचा बांध सरकला, की बोलावणं त्यालाच. टोपी नीट करून तो पावलं मोजत निघायचा, ना घाई ना ढिलाई, आणि आकडा संपेल तिथे खुंटी ठोकायचा. लोक हुज्जत घालायचे, आयमाय काढायचे, पुन्हा चाल म्हणायचे. तो पुन्हा चालायचा. आकडा तोच यायचा. मग चहा व्हायचा.

आता त्याच्याच वावराची वाटणी होती. लखन आणि आदर्श, दोन्ही पोरांच्या चुली दिवाळीतच वेगळ्या झाल्या होत्या. धाकटा आदर्श म्हणाला, "मोजणीवाला आणू."

"गावाचे तुकडे म्या पाडले, अन् माह्या वावरात दुसरा येईन? दोन महिने थांबा," शालिग्राम म्हणाला.

त्याला एवढंच हवं होतं. दोन पोरांमधली ही एक रेघ आपल्या पावलाने पडावी. त्यानंतर पाय कायमचे गेले तरी त्याची तक्रार नव्हती.

मग हौसाबाई रोज सकाळी अंगणात चुलीतल्या राखेच्या रेघा ओढायची आणि सूप घेऊन ओट्यावर बसायची. तो रेघा ओलांडायचा, मोठ्याने आकडे म्हणायचा.

"नवरदेव होते तवा बी एवढं मिरवले नाई तुमी," ती म्हणायची.

दोनदा पडला. दुसऱ्यांदा समोरचा दात गेला. तरी एक दिवस खाडा केला नाही. सातव्या आठवड्यात राखी मॅडमनी रेघांशिवाय खोलीभर चालवलं आणि "छान, बाबा" म्हणाल्या. त्या खोलीपुरत्या म्हणाल्या होत्या. शालिग्रामने ते वावरापुरतं घेतलं.

ठरल्या दिवशी सकाळची गोळी घेऊन तो लखनच्या बाजूच्या बांधावर उभा राहिला. नांगरून ओलवलेली माती मऊ होती. बांधापासून बांधापर्यंत एकशेवीस पावलं, हे त्याला बापाच्या नावासारखं पाठ होतं. पुन्हा मोजायची गरजच काय? अर्ध्यावर साठ.

त्याने वहाणा काढल्या आणि निघाला. टाच आधी. एक, दोन, तीन. पाऊल भरून पडत होतं, अगदी पहिल्यासारखं. चाळीसच्या पुढे तर त्याला हसूच यायला लागलं. हौसाबाई एका हाताच्या अंतराने मागे होती. साठ.

"ठोक," तो म्हणाला.

आदर्शने खुंटी ठोकली. लखनने खुंटीकडे पाहिलं, मग पलीकडच्या बांधाकडे, मग खाली.

"बराबर हाय न?" शालिग्रामने विचारलं.

"हाय न बाबा. तुमचं पाऊल कायले चुकन?"

हाच लखन गेल्या आठवड्यात फवारणीच्या पंपावरून भावाशी दोन तास भांडला होता. उभ्या जन्मात शालिग्रामच्या खुंटीला कोणी इतक्या लवकर हो म्हटलं नव्हतं.

तो वळला. वळायलाच आठ-दहा पावलं लागली. ओल्या मातीत त्याची वाट उमटली होती. सुरुवातीची दहा-बारा पावलं बरी होती. मग ती जवळ जवळ येत गेली होती, आणि शेवटी तर गोधडीच्या टाक्यांसारखी एकाला एक लागून. तो बघतच राहिला. अंगात होतं नव्हतं ते बळ लावून चालला होता तो, आणि पायांनी त्याला फसवलं होतं. लखनचं वावर आदर्शला देऊन तो हसत आला होता. त्याहून वाईट म्हणजे पोराने ते ओळखलं होतं आणि बापाची कीव करून गप्प बसला होता. शालिग्रामला भडभडून आलं.

"खुटी उपट," तो म्हणाला.

"राहू द्या न बाबा. मले चालते," लखन म्हणाला.

"मले नाई चालत. तुही चाल माह्यावर गेली, सारं गाव म्हन्ते. जाय, बांधापासून चाल. म्या मोजतो."

आदर्शने खाली मान घालून खुंटी उपटली. लखन ती घेऊन बांधावर गेला आणि चालू लागला. ना घाई ना ढिलाई. शालिग्राम मोजत होता. छत्तिसाव्या पावलाला लखन त्याच्याजवळ आला, आणि न थांबता पुढे गेला.

त्याच्या मागे जावं असं शालिग्रामला फार वाटलं, पण पाय मातीत रुतल्यासारखे जागीच थांबले होते. सदतीस, अडतीस. आवाज चार पावलांपलीकडे पोचत नव्हता. लखन आपलं आपणच मोजत होता. तरी शालिग्राम एकही आकडा न गाळता मोजत राहिला. तो साठ म्हणाला तेव्हा लखन तिकडे खाली वाकला होता आणि खुंटी ठोकत होता.