साहेबांच्या स्वागताचं गाणं

आपल्या जमातीची भाषा, गाणी, गोष्टी सरकारी शाळेत शिकवल्या जाव्यात म्हणून बाईंनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. मिळालं काय, तर आठवड्याचा एक तास, तोही जेवणाच्या सुट्टीनंतर, पोरं पेंगतात तेव्हा. तरी बाई खूश होत्या. दगडापेक्षा वीट मऊ.

एका तासाला त्यांनी आपल्या मावशीच्या आवाजात रेकॉर्ड केलेलं एक गाणं मुलांना ऐकवलं. माणूस गेला, त्याला खांद्यावर उचललं, की म्हणायचं. मधे गेलेल्याचं नाव घ्यायचं आणि सांगायचं, आता मागे वळून बघू नकोस. एरवी हे कुणी गुणगुणतसुद्धा नाही. व्हरांड्यातून जाणाऱ्या मुख्याध्यापकांच्या कानात मात्र नेमकी चाल तेवढी शिरली.

शिक्षणाधिकारी पाहणीला यायच्या दिवशी बाई सभागृहात शिरल्या, तर डोक्याला रंगीत पिसं बांधलेली पोरं टाळ्या वाजवत, मुख्याध्यापकांनी संगीताच्या सरांकडून बसवून घेतलेलं तेच गाणं म्हणत होती. जमातीत पिसं कुणाच्या बापानं घातली होती? आणि गेलेल्याच्या नावाच्या जागी चक्क साहेबांचं नाव! एक मुलगी तेवढी ओठ मिटून रडत होती. नुकतेच तिचे आजोबा गेले होते.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सर, हे मढं उचलताना म्हणतात!"

"हळू बोला हो," मुख्याध्यापक म्हणाले. "चाल किती गोड आहे! साहेबांना कुठे कळणार आहे?"

"पोरांना कळतं ना! मागे त्यांचे आईबाप बसलेत, त्यांना कळतं."

"आज तमाशा केलात तर तास बंद होईल. मग मला बोल लावू नका."

साहेब येऊन खुर्चीत बसले. बाई तडक स्टेजवर चढल्या आणि हे गाणं कशाचं आहे ते माईकवरून सांगून टाकलं.

साहेब क्षणभर गोरेमोरे झाले, मग हसले. "अरे बापरे! मग शब्द बदला की. चाल छान आहे. वारसा जपला पाहिजे."

पुढच्या रांगा खो खो हसल्या.

"वारसा म्हणे!" बाई ओरडल्या. "तास बंद करा, साहेब. आमच्या पोरांना आमचं आम्ही घरी शिकवू."

त्यांनी रडणाऱ्या मुलीचा हात धरला. पिसं काढून टाकत बाकीची पोरं मागोमाग निघाली, मागच्या रांगेतले आईबापही उठले.

बाई दारापर्यंत पोचतात तोच संगीताच्या सरांनी कीबोर्डवर नुसती चाल सुरू केली. साहेबांनी पायानं ठेका धरला.