झरेबाबांचं मौन

नऊ महिने थेंब न पडलेल्या नदीच्या पात्रात दोनशे माणसं उन्हात उभी होती. त्या बुधवारी बरोबर अकराला झरेबाबांनी वाळूत काठी खुपसली, डोळे मिटले आणि आरोळी ठोकली, "ये माई, लेकरं तहानली!" खडकाच्या पट्टीपाशी वाळू ओली झाली, बुडबुडे आले आणि नितळ पाणी वाहू लागलं. लोक बाटल्या घेऊन तुटून पडले.

त्यात माझी वहिनीही होती. कडेवर माझी पाच वर्षांची भाची.

"ताई, आजपासून हिच्या गोळ्या बंद," वहिनी म्हणाली. "बाबा म्हणाले, औषध आणि झरा एका पोटात नांदत नाहीत."

भाचीला फिट येतात. गोळ्या चुकल्यावर काय होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मी समजावलं, भांडले. वहिनी बधेना. वर ऐकवलं, "घाणीत काम करून तुम्हाला सगळीकडे घाणच दिसते!"

घाणीत काम करते हे खरं. नदीकाठच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात मी ऑपरेटर आहे. शहराचं सांडपाणी आमच्या टाक्यांत येतं, गाळ तळाला बसतो, उरलेली घाण जंतू खातात आणि साफ झालेलं पाणी मी नदीत सोडते. ते झाडांना, शेताला चांगलं, पिण्यासाठी नव्हे. सोडण्याची वेळ रोज सव्वादहा.

आणि झरा अकराला! मग बाबा दर गुरुवारी मौन पाळून घरी का बसतात, हा प्रश्न मला छळू लागला. गुरुवारी आमचे पंप धुतात, पाणी सुटत नाही. गेल्या महिन्यात वीज गेल्यामुळे व्हॉल्व्ह तासभर उशिरा उघडला होता. त्या दिवशी म्हणे बाबांनी "गर्दीत कुणीतरी पापी आहे" असं सांगून सगळ्यांना तासभर कान धरून उभं केलं होतं.

पण आमचं वेळापत्रक बाबांना कोण सांगतं? घरभेद्या शोधत मी दोन सहकाऱ्यांवर उगाच संशय घेतला. उत्तर फाटकावर टांगलेलं होतं. पाणी सुटताना पात्रात कुणी असू नये म्हणून वार आणि वेळ फळ्यावर ठळक अक्षरांत मीच लिहिते. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

गुरुवारी मी एक चिठ्ठी लिहिली, पाकिटात बंद केली आणि शाळेच्या मुख्याध्यापिकेकडे दिली. त्यांनी पाकिटावर तारीख घालून सही केली. शुक्रवारी सव्वादहाला व्हॉल्व्ह उघडताना गळती शोधायचा हिरवा रंग मी पाण्यात ओतला. तो विषारी नसतो. तरीही पात्रात धावत जाऊन ओरडले, "आज कुणी पाणी पिऊ नका!"

अकरा वाजले. काठी खुपसली. झरा आला, पोपटासारखा हिरवा.

बाबा क्षणभर गांगरले. मग हात उंचावून म्हणाले, "माई हिरवी झाली! सुगी येणार!"

आणि लोकांनी पुन्हा हात जोडले! वहिनीने तर बाटली पुढे केली. मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. तेवढ्यात मुख्याध्यापिकांनी सगळ्यांसमोर पाकीट फोडून वाचलं, "शुक्रवारी अकराला पाणी हिरवं येईल. रंग मी टाकणार आहे. केंद्राची ऑपरेटर."

मी सांगितलं, "आमचा पाइप वाळूखाली उघडतो. पाणी वाळूतून झिरपत येतं, खडक आडवा आला की वर निघतं. त्याला पाऊण तास लागतो. जे पाणी तुम्ही डोळ्यांना लावता, ते तुमच्याच मोऱ्या-संडासांचं आहे."

"नास्तिक बाई!" बाबा गरजले.

"असेन. माझ्याकडे चार रंग आहेत. उद्या कोणता येणार, ते आत्ता सांगा."

बाबांनी काठी उचलली. "उद्या माझं मौन आहे."

"उद्या शनिवार, बाबा! गुरुवार कालच झाला!" मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

वहिनी हसली नाही. हातातली बाटली तिने वाळूत ओतली. "दोन दिवस गोळ्या चुकल्या हो ताई," एवढंच म्हणाली आणि भाचीला घेऊन तडक डॉक्टरांकडे धावली. मीही मागे धावले. नशिबाने फिट आली नव्हती. डॉक्टरांनी आम्हा दोघींना झापलं आणि गोळी समोरच द्यायला लावली.

दरवेळी नशीब साथ देत नाही. नितळ दिसणारं प्रत्येक पाणी पिण्याजोगं नसतं आणि ते साफ करायला काठी नाही, केंद्र लागतं. तुमच्या लेकराचं औषध कुणी बंद करायला सांगितलं, तर पाया पडण्याआधी एवढंच विचारा: बाबा, उद्याचा रंग कोणता?