दोन हात वाट

“इथं दगड टाकला तर माझ्या घराला वाट कुठून राहील, रावसाहेब?” मुबारक मुनशीने नकाशावर बोट ठेवत विचारले.

“ते तुम्ही बघा. जागा बसवायचाच पगार घेता ना?” ठेकेदाराचे कारभारी मधुसूदनराव म्हणाले. “गाड्या वळल्या पाहिजेत.”

स्टेशनाजवळ मुसाफिरखाना बांधला जात होता. दगड कुठे, चुना मळायची घाणी कुठे, सागाचे वासे कुठे, हे मुबारक ठरवायचा. अकरा वर्षांत त्याच्या आखणीत एक गाडी अडकली नव्हती. मुनशीने राखणीसाठी मालावरच राहायचे, हा ठेकेदाराचा दंडक. त्याची पत्र्याची खोली मात्र वर्षात चारदा हलली आणि आता घाणी आणि वाशांच्या बेचक्यात येऊन बसली.

दुपारी तो जेवायला आला. त्याची बायको ताहेरा भिंतीला टेकून बसली होती, ओठ सुकलेले. माठ भरलेला तसाच.

“पाणी का नाय पीत?”

“प्यायलं की बाहेर जावं लागतं. समदे पुरुष दारातच काम करतेत. मगरिबपर्यंत, अंधार पडेस्तोवर, दम धरते.”

“कवापासून?”

“घाणी इथं आणली तवापासून.”

घाणी त्यानेच आणली होती. त्याला चार महिने झाले होते. तो न जेवता तसाच उठून कारभाऱ्यांकडे गेला.

“दोन हात वाट द्या, रावसाहेब. दगडाची रास उंच लावतो.”

“ढासळली तर? बायकोला माहेरी ठेवा.”

चौथ्या दिवशी तिला ताप भरला, लघवीला आग होऊ लागली. हकीम म्हणाले, हिला पाणी पाजा. मुबारकने सिल्लोडला मेहुण्याकडे निरोप धाडला.

मेहुण्याची गाडी आली, पण घाणी आणि वाशांमधून दारापर्यंत येईना. तेव्हा घाणीवरच्या साळूबाईने टोपली खाली ठेवली.

“मुनशी, तुमी बाजूला व्हा. भाभी, या.”

टोपल्या वाहणाऱ्या वीसेक बाया दोन्ही अंगांनी पदर पसरून उभ्या राहिल्या. गवंड्यांनी कुणी न सांगता भिंतीकडे तोंडे फिरवली. बुरख्यातली ताहेरा त्या पदरांमधून हळूहळू चालत गाडीशी आली.

“परत कवा न्याल?” तिने विचारले.

“इथलं काम संपलं की.”

पुढचे काम कन्नडला होते. तिथेही खोली मालावरच असणार, हे दोघांनाही ठाऊक होते. ती गाडीत चढली.

गाडी रस्त्याला लागली. बायांनी पदर खोचले, टोपल्या उचलल्या. गाडीवान पुंजारामने दगडाची गाडी आत घेतली.

“कुठं खाली करू, मुनशी?”

मुबारकने खोलीकडे हात केला.

“तिथंच. दाराला लागून टाक.”