फासळ्या दिसणारी सायकल

मी सायकल आहे आणि मला स्वतःचा अभिमान आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला ‘बिचारी’ म्हणायला नको. वजन साडेबारा किलो. ॲल्युमिनियमची फ्रेम, पुढे एकच चकती, मागे आठ गिअर. शॉकअप नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही. जे लागत नाही ते माझ्या अंगावर नाही.

माझा जन्म लुधियानाच्या एका कारखान्यात झाला. आमचं मॉडेल दोन वर्षं निघालं आणि कंपनीनं बंद केलं. दोष काय होता? काहीच नाही. दुकानात येणारा माणूस आधी पुढचा फोर्क दाबून बघतो. खालीवर झाला की खूश, जसं काही त्याला सायकल चालवायची नसून तिच्यावर झोके घ्यायचे आहेत. माझा फोर्क सरळ आणि ताठ. दाबला तरी दबत नाही. म्हणून मी ब्रह्मपुरीत हेमराजच्या दुकानात मागच्या भिंतीवर उलटी टांगली गेले. दीड वर्ष. माझ्या चाकात कोळ्यानं जाळं विणलं. मी ज्या जगाकडे बघत होते ते सगळं उलटं होतं, आणि खरं सांगते, सरळ होऊन पाहिलं तेव्हाही ते फारसं वेगळं निघालं नाही.

पुढच्या रांगेत मान कुणाला? चार-चार इंची टायरच्या त्या जाड्यांना. वजन वीस किलो, रंग भडक. कॉलेजची पोरं त्यांच्यासोबत फोटो काढायची.

अशाच एका दुपारी रिंकू आली. वय एकोणीस. बी.ए.च्या पहिल्या वर्षालाच तिनं कॉलेज सोडलं होतं. वर्गात काय शिकवतात ते सरांनाच ठाऊक नाही, असं ती सरांसमोरच बोलली होती आणि मग परत गेलीच नव्हती. घरी बापाच्या जुन्या काळ्या सायकलवर ती नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, रस्त्यानं अशी सुटायची की मोटरसायकलवाले मागे वळून बघायचे. मुलींच्या सायकल शर्यतीचा कागद तिनं बाजारात चिकटवलेला पाहिला आणि घरात हट्ट धरला. तिचे वडील, त्यांचं नाव खुशाल, हो म्हणाले. पण सायकल घ्यायला एकटी जाशील तर खबरदार. सोबत मोठेबाबा येतील.

मोठेबाबा म्हणजे खुशालचे थोरले भाऊ, गुणवंतराव. झाडीपट्टीत शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पळणाऱ्या बैलांची पारख करावी तर त्यांनीच, असं त्यांचं नाव. गावात कुणाला गोऱ्हा घ्यायचा असो की म्हैस, गुणवंतराव सोबत हवेतच. पुढे पुढे लोक त्यांना पंप, टीव्ही आणि जावई बघायलाही नेऊ लागले. कुणी कधी विचारलं नाही की बैलाचं आणि टीव्हीचं काय नातं. मोठ्या माणसाला एक गोष्ट कळली की त्याला सगळंच कळतं, असा या गावांचा कायदा आहे.

मी भिंतीवरून सगळं पाहिलं. गुणवंतरावांनी जाड्या सायकलीभोवती दोन फेऱ्या मारल्या. सीटवर थाप दिली, बैलाच्या पुठ्ठ्यावर देतात तशी. पुढचं चाक उचलून खालून बघितलं.

“छाती पाह्य हिची, रिंकू! अन् खुरं पाह्य. चिखलात फसन का हे?”

“मोठेबाबा, मले शर्यतीत पळवाची हाय. नांगराले नाई जुंपाची.”

“पळते तेच, ज्याच्या अंगात मास असते.” मग त्यांची नजर वर, माझ्याकडे गेली. “हे काय टांगलं हाय बा? हिच्या तं फासळ्या दिसून राह्यल्या.”

हेमराज म्हणाला, “भाऊ, माल चांगला हाय तो. हलका हाय.”

“हलका म्हणूनच टांगला तू. जड राहता तं खाली ठेवला असता.”

आणि मग त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, हेमराजचा हात त्याखाली घेतला आणि आत बोटं दाबून भाव करायला लागले, बैलबाजारात करतात तसा. किंमत सायकलीच्या दांडीला चिठ्ठीवर लिहून चिकटवलेली होती! हेमराज बिचारा हात सोडवून घेऊ शकेना. रिंकू रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. जाडी सायकल गावाला गेली.

पहिली शर्यत ब्रह्मपुरी–आरमोरी डांबरी रस्त्यावर झाली. तिथून परतणाऱ्या पोरांनी दुकानात येऊन जे सांगितलं ते मी ऐकलं. रिंकू सगळ्यात शेवटी आली. चार इंची टायर डांबराला असे चिकटले होते की वैनगंगेच्या पुलावर ती उभी राहून पायडल मारत होती आणि बाजूनं शाळेतल्या पोरी निघून जात होत्या. आणि गुणवंतरावांनी चार माणसांत निकाल दिला, “जनावरात दोष नाई. हाकणारीत हाय.”

हे वाक्य मी विसरणार नाही. चूक स्वतःची, आणि खापर एकोणीस वर्षांच्या पोरीच्या पायांवर. मोठी माणसं माफी मागत नाहीत. ती निकाल देतात.

तिसऱ्या दिवशी रिंकू जाड्या सायकलीला ढकलत दुकानात आली. एकटी. डोळे लाल, आवाज मात्र ठणठणीत.

“हेमराजभाऊ, हे घे अन् ते उतरव.”

“मोठेबाबाले विचारलं का?”

“तू मले सायकल इकून राह्यला का मोठेबाबाले?”

हेमराज हसला. त्यानं मला खाली घेतलं, जाळं पुसलं. मग तिला भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि म्हणाला, एखादं जाड पुस्तक आण. तिच्या पिशवीत समाजशास्त्राचं पुस्तक पडलेलं होतं. ते दोन पायांच्या मधे वरपर्यंत दाबून धरायचं, पुस्तकाच्या कडेशी भिंतीवर खूण करायची आणि जमिनीपासून खुणेपर्यंत टेप लावायचा. पायाचं खरं माप ते. त्या पुस्तकाचा एवढा उपयोग कॉलेजात कधी झाला नव्हता. मापावरून फ्रेम सोळा इंची निघाली. मी सोळा इंचीच आहे. बंद पडलेलं मॉडेल आणि शिक्षण सोडलेली पोरगी म्हणून आमचं जमलं, असं लोक म्हणतात. लोकांना काय कळतं? आमचं जमलं ते मापानं.

रिंकूनं मला एका हातानं उचललं. मग दुसऱ्या हातानं. मग तिच्या तोंडावर जे आलं त्यासाठी मी आणखी दीड वर्ष स्वतःला उलटं टांगून घेतलं असतं.

घरी अर्थातच तमाशा झाला. आईनं, गिरजाबाईनं, एवढंच विचारलं, “बसासाठी मांगं जागा नाई का वो हिले?” गुणवंतराव माझ्याकडे बघून म्हणाले, “वाघासारखा बैल देऊन कालवड आणली पोरीनं.” आणि खुशालनं, ज्याला स्वतःचं मत भावाला विचारल्याशिवाय सापडत नाही, शेवटची अट घातली. फेब्रुवारीत आलापल्लीच्या जंगलात शर्यत होती. पहिल्या तीन मुलींना विभागाच्या संघात जागा. रिंकू त्या तिघींत आली तर ठीक. नाही आली तर मला विकायचं आणि जूनमध्ये तिनं मुकाट्यानं कॉलेजचा फॉर्म भरायचा.

“चालते,” रिंकू म्हणाली. “पण तोवर हिले कोणी हात लावाचा नाई.”

तीन महिने आम्ही दोघी राबलो. पहाटे नहराची पाळ, संध्याकाळी धान कापलेल्या बांध्यांचे, म्हणजे खाचरांचे, धुरे. धुरा म्हणजे बांध, हातभर रुंद, दोन्हीकडे खाली. तिथं नजर चाकावर ठेवली की पडणारच. नजर पुढे, जिथं जायचं तिथं. ती अकरा वेळा पडली. मी मोजलं. बाराव्यांदा पडली नाही. हेमराजनं तिला हवेचं गणित शिकवलं. डांबरावर चाक कडक ठेवायचं, जंगलात नरम. अंगठ्यानं दाबलं तर थोडं आत गेलं पाहिजे, तरच रबर जमिनीला धरतं. सीटखाली छोटा पंप आणि पंक्चरची पिशवी बांधली. पहिली खरेदी मात्र हेल्मेटची. ते घालून ती गावातून निघाली की पोरं ओरडायची, “खदानीत डूटीवर चालली का रिंकू?” ती ओरडायची, “हो! तुह्या अकलेचा कोळसा काढाले!”

आलापल्लीला आम्ही आदल्या दिवशीच पोचलो. सकाळी सागाच्या झाडांखाली पस्तीस मुली. खुशाल आलेला, आणि गुणवंतरावही. रिंकू मला एका झाडाला टेकवून नंबर आणायला टेबलाकडे गेली.

आणि तेवढ्यात गुणवंतरावांनी माझं चाक दाबून पाहिलं.

“खुशाल, हवा कमी हाय रे इच्यात! पोरीचं ध्यान कुठी असते?”

मी ओरडले असते. पण सायकलीला घंटी असते, आणि माझी घंटी काढलेली होती. त्यांनी कुणाचा तरी मोठा पंप मागून आणला. धोतर खोचून, घाम गाळून, दोन्ही चाकं दगडासारखी केली. प्रेमानं केली, हे मी नाकारत नाही. याच प्रेमानं या घरातली किती माणसं फुटली असतील, देव जाणे. वर्षानुवर्षं पटाच्या आधी ते छकड्याचे दोर असेच आवळत आले होते. घट्ट केलं की चांगलं होतं, एवढंच त्यांना माहीत. रिंकू नंबर लावत धावत आली, तर शिट्टी वाजायलाच आली होती. तिनं मला दाबून पाहिलं नाही. ‘कोणी हात लावाचा नाई’ या शब्दावर तिचा विश्वास होता.

पहिले चार किलोमीटर कच्चा पण सपाट रस्ता. आम्ही तिसऱ्या होतो. मग पायवाट जंगलात शिरली. फेब्रुवारीत सागाची पानं गळतात. ताटाएवढी, वाळून पापडासारखी कुरकुरीत. त्यांच्या खाली मूळ आहे की दगड, दिसत नाही. पहिल्याच वळणावर माझं मागचं चाक पानांवरून असं सरकलं, जसं तेलावरून. रिंकू डाव्या कोपरावर पडली. मी तिच्यावर.

ती उठली. शिवी दिली, कुणाला ते मी सांगणार नाही. मग तिनं माझं चाक दाबलं. अंगठा आत जाईना. एका क्षणात तिला सगळं कळलं. रडायला तिच्याकडे वेळ नव्हता. रक्त गळणारा हात तसाच ठेवून ती गुडघ्यावर बसली, व्हॉल्व्हची टोपी काढली आणि नखानं पिन दाबली. फुस्स. एक, दोन, तीन... तोंडानं मोजत होती. बाजूनं एक मुलगी गेली. दुसरी गेली. पाच, सहा... तिसरी, चौथी गेली. दहावर तिनं नख काढलं. मग पुढचं चाक. तेही दहा, आणि तोवर आणखी तिघी पुढे गेल्या.

या थांबण्याचा मला सगळ्यात जास्त अभिमान आहे. घाबरलेला माणूस तशीच हाकत सुटला असता आणि पुढच्या वळणावर पुन्हा पडला असता. ती थांबली.

त्यानंतर मी पानांवरून घसरले नाही. मी मुळं धरली, दगड धरले, तिनं जिथं बघितलं तिथं गेले. दोन मुली आम्ही चढावर गाठल्या. बाराव्या किलोमीटरला नाला आला. पाणी नाही, साठ-सत्तर पावलांची कोरडी रेती. खोटं कशाला बोलू, तिथं त्या चार इंची टायरवाल्या जाड्या सायकली खरोखर माझ्यापेक्षा चांगल्या चालतात. दोघी त्यावर बसूनच पार गेल्या. बाकीच्या उतरून आपापल्या सायकली रेतीतून ओढत होत्या. रिंकूनं उतरताच मला खांद्यावर टाकलं, धानाचा भारा टाकतात तसं, आणि धावली. साडेबारा किलो! फासळ्या दिसतात म्हणून हसला होतात ना? त्या फासळ्यांतूनच तिनं हात घातला होता. चौघींना आम्ही रेतीतच मागे टाकलं. जाड्या दोघी पुढच्या चढावर धापा टाकताना सापडल्या.

अहेरीकडची एक मुलगी आमच्या दीड मिनिट आधी पोचली. तिला माझा सलाम, ती वाऱ्यासारखी होती. दुसऱ्या आम्ही.

रेषेपलीकडे रिंकू जमिनीवर आडवी पडली. कोपराचं रक्त वाळून त्यावर पानांचा चुरा चिकटला होता. खुशाल तिला पाणी पाजत होता. गुणवंतराव मात्र जमलेल्या लोकांकडे वळले होते. आवाज चढलेला. “हवा मीच भरली होती! सकाळी पाह्यलं तं चाक नरम. म्या भरली म्हणून...”

रिंकू पडल्या पडल्याच म्हणाली, “अन् मीच काढली, मोठेबाबा. जंगलात. रस्त्यात बसून.”

गुणवंतराव खाली वाकले. त्यांनी अंगठा माझ्या चाकावर ठेवला. तो आत गेला. मग त्यांनी तिचं कोपर पाहिलं, मग पुन्हा चाक. जनावराची पारख त्यांना होतीच. आज पहिल्यांदा ती सायकलीच्या कामी येत होती.  

आता पोळा उद्यावर आला आहे. गुणवंतरावांच्या गोठ्यात बैल नाहीत, घरात ट्रॅक्टर आल्यापासून. तरी आज संध्याकाळी ते वाटीत कोमट तूप आणि हळद घेऊन आले. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात, वर्षभर जू वाहिलं म्हणून. मी ओसरीत उभी होते. रिंकू माझी चेन पुसत होती. परवा आम्ही संघाच्या शिबिराला निघतोय.

गुणवंतराव उंबऱ्याशी थांबले. बोटं वाटीत होती. पुढे आली नाहीत.

“लावू का वो बाई?” त्यांनी विचारलं.

रिंकूनं मान वर केली. मी सांगते, या माणसानं उभ्या आयुष्यात कुणाला असं विचारलं नसेल. ना बायकोला, ना भावाला, ना बैलाला.

“फ्रेमले लावा, मोठेबाबा. चेनले नोको. धूल चिपकते.”

त्यांनी लावलं. सीटच्या खाली, जिथं तिचा खांदा येतो तिथं. हात चेनपाशी आला आणि आपणहून मागे गेला.

तर वाचणाऱ्यांनो, सायकल घ्यायची असेल तर शॉकअप नंतर दाबा. आधी पायाचं माप घ्या, मग एका हातानं उचलून बघा. आणि पोरीची सायकल झाडाला टेकलेली दिसली, चाक नरम वाटलं, हात शिवशिवले, तर पंप शोधायला जाऊ नका. ती नंबर आणायला गेली असेल. थांबा. ती आली की विचारा.

उद्या मी तोरणाखाली उभी राहणार आहे, बैलांच्या रांगेत. फासळ्या दिसतील. बघा हवं तितकं.