कनकवेणीने शब्द दिला

कनकवेणीचे केस मी एकवीस वर्षं बांधले. तिचं खरं नाव चेंगम्मा. नेल्लूरकडच्या एका नाटकमंडळीत तिचा बाप पेटी वाजवायचा. चौदाव्या वर्षी तिला मद्रासला आणलं, तेव्हा ती नाचणाऱ्या मुलींच्या शेवटच्या रांगेत उभी राहायची. मी तिच्याकडे आले ते ती नायिका झाल्यावर. केसांच्या कामाला बाई पाहिजे होती. माझ्या मावशीने हात धरून मला कोडंबाक्कमच्या त्या बंगल्यात नेलं आणि म्हणाली, "ही सुगुणा. बोलते कमी, ऐकते जास्त." कनकवेणी म्हणाली, "मग राहू दे."

मी तिला अम्मा म्हणायची. वयाने ती माझ्याहून फक्त पाच वर्षांनी मोठी होती.

तिने पन्नासेक चित्रपट केले असतील, पण लोकांना ती लक्षात राहिली एका देवीच्या भूमिकेमुळे. लाल साडी, हिरवे काठ, नाकात मोठी नथ, कपाळभर कुंकू आणि गुडघ्यापर्यंत मोकळे केस. त्यातले अर्धे माझे, म्हणजे मी लावलेले. थिएटरात बाया चपला बाहेर काढून बसायच्या. पडद्यासमोर नारळ फुटायचे. गुंटूरला एका बाईने आपलं तापलेलं पोर गाडीच्या खिडकीतून अम्माच्या मांडीवर टाकलं. अम्मा घाबरली होती, पण हात मात्र बरोबर पोराच्या डोक्यावर गेला. तिचा हात नेहमी बरोबर जागी जायचा.

अम्माला छत्तिसावं लागलं आणि कामं आटली. ज्या नायकाबरोबर पावसातली गाणी केली, त्याच्याच आईची भूमिका घेऊन एक निर्माता आला. अम्माने त्याला कॉफी दिली, दारापर्यंत सोडायला गेली, आणि आत येऊन आरशातल्या मला विचारलं, "सुगुणा, तो नायक माझ्याहून किती वर्षांनी मोठा आहे गं?"

"सात, अम्मा."

"मग मी त्याला कितव्या वर्षी जन्म दिला?"

आम्ही दोघी हसलो. ती जरा जास्तच वेळ हसली.

त्याच वर्षी पक्षाचे अध्यक्ष घरी आले. म्हणाले, "अम्मा, तुम्ही काही बोलू नका. जीपमध्ये उभ्या राहा आणि हात जोडा. बाकीचं आमची पोरं बघतील." त्यांनी तिला तिच्याच जिल्ह्यातला मतदारसंघ दिला. प्रचाराचं सगळं पेंचलय्याकडे होतं. पेंचलय्या म्हणजे पक्षाचा तालुक्यातला मोठा माणूस. दोन राइस मिल, कोळंबीची तळी, आणि चाळीस गावांतला दारूचा ठेका त्याच्याकडे. सरकारी शिक्क्याची दारू तेव्हा प्लॅस्टिकच्या पाकिटांत मिळायची. दुधासारखी सकाळी जीपने घरोघर पोचायची.

मतं धो धो पडली. अम्मा आमदार झाली.

आता लोक म्हणतात की ती पहिल्यापासून ढोंगी होती. तसं नव्हतं, हे मी सांगते. पहिल्या वर्षी तिने मास्तर ठेवून सरकारी कागद वाचायला शिकून घेतलं. चौथी नापास बाई ती. पिण्याच्या पाण्याच्या प्रश्नावर बोलायला विधानसभेत उभी राहिली, तर कुणीतरी मागून ओरडला, "देवी, एक डायलॉग होऊन जाऊ दे!" सगळे हसले. दुसऱ्या दिवशी पेपरात पाण्याबद्दल एक ओळ आणि तिच्या साडीबद्दल सहा ओळी. ती ते कात्रण ड्रॉवरमध्ये ठेवून होती. "सुगुणा," म्हणायची, "मंत्री झाले ना, की बघते कोण हसतं."

तिसऱ्या वर्षी वेंकन्नपालेमचं प्रकरण सुरू झालं.

समुद्राकडचं दीडेकशे घरांचं गाव. तिथल्या मस्तानम्मा नावाच्या बाईचा नवरा पिऊन कालव्यात पडला आणि मेला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती झाडू घेऊन दारूच्या दुकानासमोर जाऊन बसली. एकटीच. संध्याकाळपर्यंत नऊ जणी झाल्या, आठवड्याने साठ. दारूची जीप आली की चाकांपुढे आडव्या व्हायच्या. पदरात तिखटाची पुडी बांधलेली असायची. वीस दिवस गावात एक पाकीट विकलं गेलं नाही.

अम्मा त्यांना भेटायला गेली ती स्वतःहून. साधी सुती साडी, केसांचा अंबाडा. त्यांच्याबरोबर जमिनीवर बसून नाचणीची आंबील प्यायली, कांदा तोंडी लावला. मस्तानम्मा चाळिशीची, काटक, तोंडाने फटकळ. म्हणाली, "आमदारबाई, तुमच्या पेंचलय्याची पाकिटं तुम्हीच थांबवा की. आम्हाला शेतात रोवणीला जायचंय."

"थांबवते," अम्मा म्हणाली.

"सगळे असंच म्हणतात."

"माझा बापसुद्धा प्यायचा, मस्तानम्मा. पेटी विकून प्यायला."

हे खरं होतं. परतताना गाडीत ती रडली, तेही खरं होतं. तिने कलेक्टरला पत्र लिहिलं, स्वतःच्या अक्षरात, दोनदा फाडून तिसऱ्यांदा.

चार दिवसांनी हैदराबादहून फोन आला. मी बाजूला बसून तेलाची वाटी कोमट करत होते. अध्यक्षांचा आवाज बाहेरपर्यंत येत नव्हता, पण अम्माची उत्तरं मला ऐकू येत होती.

"पण मी त्यांना शब्द दिलाय... हो... पेंचलय्यांच्या ठेक्याचं मला माहीत आहे... हो, पुढच्या महिन्यात मंत्रिमंडळाचा विस्तार आहे, तेही वाचलं... महिला-बालकल्याण?"

तिने फोनची वायर बोटाला गुंडाळली, सोडली.

"त्या माझं ऐकतील," ती शेवटी म्हणाली. "माझं ऐकतीलच."

फोन ठेवून ती आरशासमोर बसली. म्हणाली, "केस मोकळे सोड. ते लांबवाले लाव. नथ काढ पेटीतून."

"सभा आहे का, अम्मा?"

"पालेमला जायचंय."

माझ्या हातात कंगवा तसाच राहिला. ती आरशातून माझ्याकडे बघत होती. मी काही तरी बोलावं अशी तिची इच्छा होती, असं मला पुढे कितीतरी वर्षं वाटत आलं. पण मी पोट भरायला आलेली बाई. मी केस लावले. कुंकू लावलं, कपाळभर, कडा न हलता. एवढं चांगलं कुंकू मी चित्रपटातही लावलं नव्हतं.

पालेमला पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. ऊन मी म्हणत होतं. ती गाडीतून उतरली आणि साठ बायका एकदम उभ्या राहिल्या. म्हाताऱ्या पाया पडायला धावल्या. एकीने हातातला झाडू मागे लपवला, देवीसमोर झाडू कसा धरायचा म्हणून.

अम्मा म्हणाली, "लेकींनो, पोरं घरात उपाशी आहेत. चुली बंद आहेत. तुम्ही जिंकलात. सोमवारी अधिकारी येतील आणि दुकानाला कुलूप लावतील. मी शब्द देते. आता उठा, घरी जा."

कुणी हललं नाही. सगळ्या मस्तानम्माकडे बघत होत्या. ती पुढे आली. आठवड्यापूर्वी तुम्ही म्हणणारी, आता देवीशी बोलावं तसं थेट तोंडाकडे बघून म्हणाली, "हे कोण सांगतंय? आमदार सांगतेय, की तू सांगतेस?"

अम्माने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आई सांगतेय," ती म्हणाली.

मस्तानम्माने डोळे मिटले. मग वळून बायकांना म्हणाली, "चला गं. उठा."

सोमवारी जीप आली. अधिकारी नव्हते. पाकिटांची खोकी होती, पुढे पोलिसांची गाडी आणि मागे पेंचलय्याची तीस माणसं. अर्ध्या बायका शेतात गेल्या होत्या. उरलेल्या आपापल्या दारातून एकेकट्या धावत आल्या. एकत्र बसलेल्या साठ जणींना हात लावायची कुणाची छाती झाली नसती. एकट्या बाईला काय, कुणीही मारतं. मस्तानम्माचा उजवा हात कोपरात मोडला. अकरा जणींना धरून नेलं, आठ दिवस कोठडीत ठेवलं, आणि मस्तानम्मासकट सगळ्यांवर सरकारी कामात अडथळा म्हणून खटला घातला.

पुढच्या महिन्यात अम्माचा शपथविधी झाला. खातं, महिला-बालकल्याण. त्या दिवशी तिने साधा अंबाडा घालायला सांगितला. "मंत्र्यासारखा घाल," म्हणाली.

मी आईला बरं नाही असं खोटं सांगून सुट्टी घेतली आणि तालुक्याच्या दवाखान्यात गेले. मस्तानम्मा खाटेवर बसून डाव्या हाताने भात कालवत होती. मी मोसंबी ठेवली. तिने मला ओळखलं.

"तू देवीची केसवाली ना? कशी आहे ती? तिला वाईट वाटलं असेल."

मला राहवलं नाही. मी सांगितलं. फोन, मंत्रिपद, सगळं. "तिला माहीत होतं," मी म्हणाले. "तुम्ही उठलात की जीप येणार, हे तिला माहीत होतं. नटवून मीच आणलं तिला."

मस्तानम्माने घास ताटात टाकला. मग ती फणकारली, "तिचं मीठ खातेस आणि तिच्या माघारी असं बोलतेस? तिला फसवलं असेल त्यांनी. जा तू. मोसंबी पण घेऊन जा."

मी परत आले आणि ते अम्माला सांगितलं. तिला लागावं म्हणूनच सांगितलं. म्हटलं, "तुम्हाला फसवलं असं म्हणतेय ती."

अम्माने कानातली कुडी काढून ठेवली. मग हळूच विचारलं, "खरंच असं म्हणाली?"

तिचा चेहरा मी एकवीस वर्षं हाताळला. त्यातली शीर न् शीर मला ठाऊक. त्या वेळी त्या चेहऱ्यावर सुटका दिसली. त्या दिवशी मी तिला सोडायला हवं होतं. पण सोडलं नाही, आणखी दोन वर्षं राहिले.

त्या दोन वर्षांत आजूबाजूच्या गावागावांत बायका उठल्या, आणि दारूबंदीशिवाय मत नाही अशी हवा झाली. अम्माने वारा ओळखला. निवडणुकीच्या तोंडावर तिने मंत्रिपद सोडलं आणि समोरच्या पक्षात गेली. तिच्या जागी जुन्या पक्षाने पेंचलय्याला उभं केलं. पहिल्याच सभेत, खुद्द वेंकन्नपालेमच्या मैदानात, ती माइकवर म्हणाली, "मला फसवलं! माझ्या लेकींचे हात मोडले, आणि मला त्याची खबरसुद्धा नव्हती!" स्टेजवर शेजारच्या खुर्चीत मस्तानम्मा होती. वाकडा हात मांडीवर, गळ्यात झेंडूचा हार. अम्माने तो वाकडा हात धरून उंच करायचा प्रयत्न केला. तो कोपरात सरळच होत नव्हता. तेवढाच धरून तिने लोकांना दाखवला. लोक रडले, टाळ्या पडल्या.

सभा संपल्यावर मी स्टेजमागे साडीच्या पिना गोळा करत होते. मस्तानम्मा हार काढत माझ्याजवळ आली.

"केसवाली, तू तेव्हा खरं बोलली होतीस."

"तुला कधी कळलं?"

"तेव्हाच. तू बोलतानाच."

"मग मला हाकललंस का?"

"काय करू मग? त्या बायका देवीचं ऐकून उठल्या नव्हत्या गं. माझं ऐकून उठल्या. माझ्यामुळे अकरा जणी आत बसून आल्या होत्या. त्यांना काय सांगू, मी बावळट, नटीच्या पायावर डोकं ठेवलं म्हणून तुमची डोकी फुटली? देवीलाच फसवलं म्हटलं, की सगळ्यांचीच अब्रू राहते."

"आणि आज इथे कशाला बसलीस?"

"पेंचलय्या पडला पाहिजे. कुणाकडून का पडेना." तिने हार बांबूला अडकवला. "तुला कुंकू मात्र छान जमतं. त्या दिवशी मी तिच्या डोळ्यांकडे बघितलंच नाही. कुंकवाकडेच बघत राहिले."

पेंचलय्या पडला. अम्मा आधीपेक्षा जास्त मतांनी निवडून आली. दारूबंदी झाली. निकालानंतर तीन आठवड्यांनी पेंचलय्या फुलांची परडी घेऊन अम्माच्या बंगल्यावर आला आणि त्याच्या माणसांसकट नव्या पक्षात दाखल झाला. अम्माने फोटोवाल्यांसमोर त्याला टिळा लावला. मी त्याच दिवशी निघाले. ती म्हणाली, "पगार वाढवू का?" मी नको म्हणाले.

मी नेल्लूरला दोन खुर्च्यांचं पार्लर टाकलं. पुढे दारूबंदी उठली. पालेमच्या त्याच जागेवर बाटल्यांचं पक्कं दुकान आलं, काचेचं दार, वर दिव्यांची पाटी. ते पेंचलय्याच्या जावयाचं आहे. मस्तानम्माचा खटला तेव्हाही चालूच होता. दोन सरकारं बदलली, पण तो मागे घ्यायचं कुणालाच सुचलं नाही. अम्मालाही नाही.

पुढच्या खेपेला पक्षाने अम्माला तिकीट दिलं नाही. "तुम्ही प्रचार करा, तुम्ही तर सगळ्या राज्याच्या," असं सांगितलं. तिकीट पेंचलय्याला दिलं. ती त्याच्या जीपमध्ये उभी राहिली आणि हात जोडले.

त्यानंतर सातेक वर्षांनी तिचा फोन आला. आवाज तोच, थोडा घोगरा.

"सुगुणा, टीव्हीवर मालिका मिळालीय. आताच्या पोरींना केस लावता येत नाहीत गं."

"माझे हात दुखतात, अम्मा."

"तू मला का सोडलंस? खरं सांग."

"तुम्हाला माहीत आहे."

"मी गेले नसते, तर त्यांनी दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं. एवढंही कळत नाही का तुला?"

"पाठवलं असतं," मी म्हणाले. "पण दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून त्या उठल्या नसत्या."

पलीकडे कुणीतरी तिला हाक मारत होतं, शॉट तयार आहे म्हणून. ती मला काही तरी बोलेल म्हणून मी फोन कानाला लावून उभी होते.

"म्हणजे येत नाहीस तर," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.